बांधणाऱ्यालाही पासिंगचा रस्ता हवा

जुनी मोटारसायकल पूर्ण उघडायची, सांगाडा घासून-तपासून घ्यायचा, पुढे लांब फोर्क, मागे उंच शॉकअब्सॉर्बर, एकवीस इंची पुढचे चाक आणि मोठे मागचे स्प्रॉकेट बसवून ती दगडधोंड्यांच्या वाटेसाठी नव्याने बांधायची, हा उद्योग महाराष्ट्रात अनेक घरांच्या पडवीत चालतो. कोल्हापूरचे उद्यमनगर, पुण्याची भोसरी अशा ठिकाणी लेथ, मिलिंग, वेल्डिंग सारे हाकेच्या अंतरावर असते, त्यामुळे लागणारा भाग बनवून घेणे अवघड नसते. अवघड असते ते त्या गाडीला समाजात आणि कायद्यात जागा मिळवणे. बांधणारा घरच्यांच्या लेखी रिकामटेकडा ठरतो आणि चौकातल्या हवालदाराच्या लेखी फाटका सायलेन्सर लावून रात्री गल्ली जागवणाऱ्यांपैकी एक. मला या दोन्ही नजरा चुकीच्या वाटतात. घरी ऑफ-रोड मोटारसायकल बांधणे हे मोजमापाचे, हिशेबाचे आणि जबाबदारीचे तांत्रिक काम आहे. अशा कामाचा निकाल ते कोणी केले यावरून न लावता ते कसे उतरले आहे यावरून लावला पाहिजे. आज आपला कायदा बांधणाऱ्याला तपासणीच्या दारापर्यंतही येऊ देत नाही. ते दार उघडले पाहिजे, आणि त्यामागची तपासणी कडक असली पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच काटेकोर अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. मात्र हाच कायदा काही बदलांना वाट देतो. मान्यताप्राप्त किट वापरून पेट्रोलची गाडी सीएनजीवर नेता येते, आरसी बुकात तशी नोंद होते. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी वाहनात बदल करून घेण्याची तरतूदही आहे. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेल्या वाहनाला पुन्हा हात लागूच नये, असे काही कायद्याचे मूळ तत्त्व नाही. बदल झाला तर तो कोणीतरी जाणकाराने पाहिलेला असावा, एवढेच तत्त्व त्यात दिसते. ते मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की हे तत्त्व काही गरजांना लागू होते आणि कौशल्याने केलेल्या फेररचनेला लागू होत नाही.

हे काम हौशी दिखाऊपणाचे नाही, हे पटवायला भूमितीचे एकच उदाहरण पुरेसे आहे. मोटारसायकलचा स्टिअरिंगचा आस उभ्या रेषेपासून थोडा मागे कललेला असतो, त्या कोनाला रेक म्हणतात. हा आस तसाच खाली वाढवला तर तो जमिनीला एका बिंदूत भेटतो, टायर मात्र त्याच्या थोडा मागे टेकलेला असतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ धावते ती मुख्यतः या अंतरामुळे. समजा पुढच्या चाकाची त्रिज्या ३४५ मिलिमीटर आहे, रेक २७ अंश आहे आणि फोर्क आसापासून ४५ मिलिमीटर पुढे धरलेले आहेत. हिशेब केला की ट्रेल सुमारे १२५ मिलिमीटर येतो. आता गाडी उंच व्हावी म्हणून मूळ फोर्कच्या जागी ६० मिलिमीटर लांब फोर्क घातले आणि मागची उंची होती तशीच ठेवली. चाकांमधले अंतर १४०० मिलिमीटर धरले तर पुढचे टोक उचलले गेल्याने रेक दोन अंशांहून थोडा अधिक वाढतो आणि ट्रेल १४० च्या घरात जातो. कागदावर हा फरक पंधरा मिलिमीटरचा. हातात मात्र ती वेगळीच गाडी होते. अरुंद वळणावर हँडल जड लागते, पुढचे चाक बाहेरच्या बाजूला सरकू पाहते. म्हणून बांधणारा मागची बाजूही उचलतो. मागची बाजू उचलली की स्विंग आर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचा, कोन बदलतो आणि चेनचा प्रश्न उभा राहतो. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात त्या क्षणी चेन सर्वाधिक ताणलेली असते. चाकाची वरखाली हालचाल जितकी लांब, तितका ताणातला चढउतार मोठा. चेनची ढील गाडी स्टँडवर उभी असताना मोजून ठेवली आणि ही स्थिती तपासलीच नाही, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर नको तेवढा भार येतो. स्प्रिंगचेही तसेच. आपल्याकडच्या रोजच्या वापराच्या गाड्यांची मागची स्प्रिंग दोन माणसे आणि सामान गृहीत धरून निवडलेली असते. एकट्या, साठ-पासष्ट किलोच्या स्वाराला ती खडकाळ वाटेवर ताठ लागते आणि चाक जमीन सोडते. स्वार बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण हालचालीपैकी साधारण एक तृतीयांश भाग वापरला गेला पाहिजे, ही बांधणाऱ्यांची जुनी मोजपट्टी आहे. तिथपर्यंत पोचायचे तर स्प्रिंग बदलावी लागते, आणि स्प्रिंग बदलली की डॅम्पिंगचे तेलही बदलावे लागते. एका भागाला हात लावला की त्याचा परिणाम दुसऱ्या चार भागांपर्यंत जातो. हे समजून घेत गाडी बांधणारा माणूस अभियांत्रिकीच करत असतो, त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

या क्षेत्राचा इतिहासही घरच्या कार्यशाळांनीच मोठ्या प्रमाणात घडवला आहे. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या न्यू मिल्टन गावातले डेरेक आणि डॉन रिकमन हे भाऊ स्वतः चिखलातल्या शर्यतींचे नामवंत स्वार होते. कंपन्यांच्या गाड्या त्यांना जड आणि बेंगरूळ वाटत. १९५९-६० च्या सुमारास त्यांनी ट्रायम्फचे इंजिन, बीएसएचा सांगाडा आणि नॉर्टनचे फोर्क एकत्र आणून आपली ‘मेतिस’ उभी केली. पुढे त्यांनी रेनॉल्ड्सच्या ५३१ नळ्यांपासून स्वतःचा सांगाडा घडवला, त्यावर निकेलचा मुलामा दिला आणि इंजिनचे तेल सांगाड्याच्या नळ्यांमध्येच फिरवले, म्हणजे वेगळी टाकी नको. इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांनी त्यांना इंजिने पुरवायला नकार दिला, तेव्हा त्यांनी सांगाड्याचे किट विकायला सुरुवात केली. ग्राहकाने आपले इंजिन आणावे आणि घरी गाडी जोडावी. जगभरचे स्वार हे किट घेत होते, अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनकडेही मेतिस होती. आपल्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागाही इथे आहे. रॉयल एनफिल्डचा इंग्लंडमधला कारभार १९७० च्या सुमारास आटोपला आणि ‘इंटरसेप्टर’ची काही इंजिने विनासांगाडा अडकून पडली. त्यांना अंग दिले ते रिकमन बंधूंनी. दुसरे उदाहरण बेल्जियमचे. ल्युसियाँ तिल्केन्स या अभियंत्याने मागच्या दोन शॉकअब्सॉर्बरांऐवजी आसनाखाली एकच लांब शॉकअब्सॉर्बर बसवण्याची रचना केली. यामाहाने ती उचलली आणि १९७३ मध्ये होकन अँडरसनने त्या रचनेच्या गाडीवर २५० सीसी मोटोक्रॉसचे जगज्जेतेपद मिळवले. तोवर मागच्या चाकाची हालचाल शंभर मिलिमीटरच्या आसपास असे, आजच्या मोटोक्रॉस गाड्यांत ती तीनशेच्या घरात आहे. या उडीची सुरुवात कोणत्याही कंपनीच्या संशोधन विभागात झाली नाही. अर्थात, घरी बांधलेल्या बहुतेक गाड्यांमधून जगाला नवे काहीच मिळत नाही, हेही तितकेच खरे. दहा हजार बांधणाऱ्यांतून एक तिल्केन्स निघत असेल. पण बांधण्याची मुभा प्रतिभेवर अवलंबून ठेवता येत नाही, कारण प्रतिभा कोणात आहे हे आधी कळण्याचा मार्गच नाही. ज्या देशात दहा हजार माणसांना प्रयत्न करू दिले जातात, तिथेच तो एक सापडतो.

आपल्याकडची परिस्थिती पाहू. १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनलेली यामाहा आरएक्स १०० आकाराने लहान, वजनाने शंभर किलोच्या आसपास आणि दुरुस्तीला सोपी. देशी डर्ट ट्रॅकवर एका पिढीने हीच गाडी कापून, उंच करून पळवली, कारण परदेशी मोटोक्रॉस गाडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. कंपन्यांना या गरजेची जाणीव उशिरा झाली. हिरोने २०११ मध्ये ‘इम्पल्स’ आणली, ती फार टिकली नाही. २०१९ मध्ये ‘एक्सपल्स २००’ आली आणि तिच्यासाठी रॅली किटही निघाले. माझ्या युक्तिवादाला सर्वांत मोठा आधार याच गाडीचा आहे. मूळ एक्सपल्सची सस्पेन्शनची हालचाल पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर, पोटाखालची मोकळी जागा २२०. रॅली किट लावले की तेच आकडे २५०, २२० आणि सुमारे २७० होतात. पुढे याच मापांची गाडी कंपनीने थेट शोरूममधून, रस्त्यावर चालवण्यासाठी विकली. म्हणजे सांगाडा आणि इंजिन तेच, उंची आणि हालचाल वेगळी, आणि दोन्ही रूपे कायदेशीर. पुढची आणि मागची बाजू जवळपास सारखीच उचलली आहे, हेही लक्षात घ्यावे. वर जो ट्रेलचा हिशेब मांडला, तोच कंपनीच्या अभियंत्यांनीही केला असणार. मग दुसऱ्या एखाद्या गाडीवर एखाद्या फिटरने तोच हिशेब करून, तितक्याच दर्जाचे भाग लावून तेच केले, तर ते मुळातच धोकादायक ठरते असे म्हणता येत नाही. कंपनीच्या बदलाची प्रयोगशाळेत चाचणी झाली, फिटरच्या बदलाची झाली नाही, एवढाच फरक उरतो. हा फरक मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण तो दूर करण्याचा उपाय चाचणी हाच आहे.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप समोर येतो आणि त्याला मान देऊनच उत्तर दिले पाहिजे. मोटारसायकलचा सांगाडा तुटणे म्हणजे जिवावरचा प्रसंग. वेल्डिंग वरून कितीही देखणे दिसले तरी सांध्याच्या शेजारचा, उष्णतेने गुणधर्म बदललेला धातूचा पट्टा हाच कच्चा दुवा असतो, आणि तिथली भेग आठवड्याने नव्हे, वर्षाने दिसते. कारखाना सांगाड्याला यंत्रावर लाखो हिसके देऊन ही भेग आधीच शोधतो. घरच्या बांधणाऱ्याकडे असे यंत्र नाही. ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या एबीएसचेही तसेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ही यंत्रणा दोन्ही चाकांचा वेग मोजून, त्यांची तुलना करून निर्णय घेते, त्यामुळे चाकाचा घेर बदलला की तिचे गणित चुकू शकते. म्हणून कोणताही बदल चालेल, असे मी म्हणत नाही. बदलांची प्रतवारी करावी, असे म्हणतो. नट-बोल्टने बसणारे भाग, म्हणजे फोर्क, शॉकअब्सॉर्बर, स्प्रॉकेट, पोटाखालचे संरक्षक पत्रे, हे ठरावीक मर्यादेत बसत असतील आणि ब्रेक, दिवे, आवाज यांची चाचणी पार होत असेल तर नोंद करून मान्यता मिळावी. चाकाचा घेर बदलला असेल तर एबीएसची स्वतंत्र परीक्षा व्हावी. सांगाडा कापला किंवा नव्याने बनवला असेल, तर प्रयोगशाळेच्या सविस्तर तपासणीशिवाय ती गाडी रस्त्यावर येऊ नये. स्टिअरिंगच्या गळ्याला, म्हणजे हेडस्टॉकला, वेल्डिंग झाले असेल तर नियम आणखी कडक असावा. प्रदूषणाच्या बाबतीत इंजिन ज्या वर्षीचे, त्या वर्षीचे निकष त्याने पाळावेत आणि बीएस-६ इंजिनाच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाशी, खेळ केलेला असेल तर ती गाडी तिथेच थांबावी.

हे सारे आपल्या देशाला झेपणारे नाही, असे कोणी म्हणेल. मग ‘बाहा एसएई इंडिया’कडे पाहावे. २००७ पासून देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, त्यांत महाराष्ट्रातले अनेक संघ, आपापल्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एकाच माणसासाठी चारचाकी ऑफ-रोड वाहन बांधतात आणि स्पर्धेत उतरवतात. ट्रॅकवर जाण्याआधी प्रत्येक वाहनाची तांत्रिक तपासणी होते. सांगाड्याच्या नळ्या, पट्टे, सांधे पाहिले जातात, ब्रेकच्या चाचणीत चारही चाके जागीच अडकली पाहिजेत. ज्याचे वाहन यात नापास होते, त्याला धावता येत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनी हाताने बांधलेल्या सांगाड्यावर आपण विश्वास ठेवतो, कारण मध्ये तपासणी उभी असते. हा विश्वास कॉलेजच्या फाटकाबाहेर पडताच का संपावा? परदेशातही याचे दाखले आहेत. ब्रिटनमध्ये एकट्या माणसाने बांधलेल्या मोटारसायकलसाठी एका वाहनापुरती मान्यता देणारी वेगळी तपासणी आहे आणि निरनिराळ्या भागांतून उभ्या केलेल्या वाहनाला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो, म्हणजे विकत घेणाऱ्यालाही ते काय आहे हे कळते. जर्मनीत नियम कडक, पण तिथेही मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकेका वाहनाची तपासणी करून ते रस्त्याला योग्य आहे की नाही हे लेखी देऊ शकतो. आपल्याकडे यंत्रणा नाही अशी सबब तर महाराष्ट्राला अजिबात शोभत नाही. नव्या वाहनांना मान्यता देणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी पुण्यात आहेत, लष्करी वाहनांसाठी उभी राहिलेली व्हीआरडीई अहिल्यानगरजवळ आहे. हजारो गाड्यांच्या मॉडेलची परीक्षा घेणाऱ्या या संस्थांना वर्षाकाठी काही मोजक्या घरगुती गाड्या तपासणे जड जाईल, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गाचा आहे आणि तो मला व्यक्तिशः सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. सह्याद्रीतले सडे म्हणजे जांभ्या खडकावरची बोटभर माती. पावसाळ्यात तिच्यावर जगात इतरत्र कुठेही नसलेल्या वनस्पती फुलतात. पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले, त्यांत कास पठार आहे. अशा मातीवरून मोठ्या नक्षीचा टायर एकदा घसरला तरी जो चर पडतो, तो भरून यायला अनेक पावसाळे लागतात. ऑफ-रोडची हौस सड्यावर भागवणाऱ्याची गाडी जप्त झाली तर मी तिच्या बाजूने एक शब्दही लिहिणार नाही. पण ही हानी कारखान्यातून थेट आलेली, पूर्ण कायदेशीर गाडीही करते. जाहिरातीत डोंगरमाथ्यावर चढवलेली नवी मोटारसायकल पाहून जो तरुण रविवारी सड्यावर जातो, त्याला कलम ५२ अडवत नाही. जागेचे रक्षण करायचे तर ते जागेवरच करावे लागते, पायथ्याशी, वन विभागाच्या नाक्यावर. आणि दुसरीकडे वैध जागा उपलब्ध करून द्याव्या लागतात. कारखाना किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या खास वाहनांना मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतूनच वगळले आहे. त्या तरतुदीच्या आधाराने बंद पडलेल्या खाणी, पडीक एमआयडीसी भूखंड अशा ठिकाणी राखीव ट्रॅक उभे राहू शकतात. गाडी टेम्पोत घालून तिथे न्यायची, तिथेच चालवायची. बांधणाऱ्यांपैकी अनेकांना रस्त्यावर यायचेही नसते. त्यांना ट्रॅक हवा असतो, आणि तो मिळत नाही म्हणून ते रानात जातात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली तेव्हा या खेळाला इथे प्रेक्षक मिळू शकतात हे दिसले. त्या ट्रॅकवर परदेशी गाड्या होत्या. तिथवर जाणारी देशी शिडी अजून बांधायची आहे.

तिसरे म्हणणे असे की हा श्रीमंतांचा छंद आहे, त्यासाठी कायद्याने इतका त्रास का घ्यावा? वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. ज्याच्याकडे पैसा आहे तो आयात केलेली मोटोक्रॉस गाडी घेतो, ती ट्रॅकवर चालवतो आणि तिला कोणी हात लावत नाही. जुनी गाडी उघडून बसतो तो आयटीआयमधून बाहेर पडलेला टर्नर, गॅरेजमधला पोरगा, पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी. त्यांच्याजवळ भांडवल नसते, हात असतात. आपण एकीकडे कौशल्य विकासाच्या योजनांची जाहिरात करतो आणि दुसरीकडे ज्या कामात मोजणे, कापणे, जोडणे, चाचणी घेणे आणि चूक शोधणे हे सारे एकाच माणसाला करावे लागते, त्या कामाला दंडाच्या यादीत टाकतो. कारखान्यातला कामगार आज एकच बोल्ट दिवसभर आवळतो, त्याला संपूर्ण गाडी कशी वागते हे पाहायची संधी मिळत नाही. घरी बांधणाऱ्याला मिळते. अशा माणसांमधूनच फोर्क जुळवणारे, सांगाड्याचे जिग बनवणारे, शर्यतीच्या संघांसोबत फिरणारे तंत्रज्ञ तयार होतात. सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली, भारतीय स्वाराने ती पूर्ण करण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी हिरोने आपला रॅली संघ उभा केला. अशा संघांना स्वारांइतकीच, किंबहुना अधिक, गरज गाडीचे हाड न् हाड ओळखणाऱ्या तंत्रज्ञांची असते.

शेवटची शंका व्यवहाराची आहे. आरटीओत आणखी एक तपासणी म्हणजे एजंटांची आणखी एक खिडकी, असे अनेकजण म्हणतील, आणि अनुभव पाहता त्यांना दोष देता येणार नाही. म्हणूनच ही तपासणी आरटीओच्या टेबलावर ठेवू नये. ती वर सांगितलेल्या संस्थांकडे आणि त्यांनी प्रमाणित केलेल्या निवडक तंत्रनिकेतनांकडे सोपवावी, तारखा ऑनलाइन मिळाव्यात, शुल्क जाहीर असावे आणि ते बांधणाऱ्यानेच भरावे. एका माणसाला वर्षात एकच गाडी पास करून घेता यावी, म्हणजे हौसेच्या नावाखाली धंदा घुसणार नाही. विकताना ‘वैयक्तिक बांधणी’ ही नोंद आरसीवर ठळक दिसावी आणि विमा कंपनीला त्या नोंदीनुसार हप्ता ठरवता यावा. बांधणाऱ्याने वापरलेल्या नळ्यांची, फोर्कची, वेल्डिंगची माहिती छायाचित्रांसह अर्जासोबत द्यावी. आणि गाडी नापास झाली तर नेमके काय कमी पडले, ब्रेक लावल्यावर थांबायला लागलेले अंतर, आवाजाचे डेसिबल की फोर्कचा कल, हे त्याला आकड्यांत लिहून मिळावे, म्हणजे तो तेवढेच दुरुस्त करून पुन्हा तारीख घेईल.